वाचकांचे प्रश्न : पहिला ट्रॅव्हल ट्रेलर आणि तो ओढणारी गाडी

झोपण्याची, स्वयंपाकाची आणि स्नानगृहाची सोय असलेला, गाडीमागे जोडून न्यायचा ट्रेलर घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांची बरीच पत्रे आली आहेत. त्यांतल्या निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. बहुतेकांनी आधी ट्रेलर पसंत केला आहे आणि आपली गाडी तो ओढेल का, असे नंतर विचारले आहे. आमचा आग्रह नेमक्या उलट क्रमाचा आहे. त्याची कारणे पहिल्या उत्तरात सविस्तर सांगितली आहेत.

प्रश्न : आमच्या एसयूव्हीची ओढण्याची क्षमता २,३०० किलो असल्याचे माहितीपत्रकात लिहिले आहे. आम्हाला आवडलेल्या ट्रेलरचे वजन १,९०० किलो आहे. आम्ही पती-पत्नी आणि दोन मुले असे चौघे प्रवास करणार. विक्रेता म्हणतो की चारशे किलोंची सवलत उरते, त्यामुळे चिंता नसावी. हे बरोबर आहे का?

उत्तर : विक्रेत्याने तुलनेसाठी घेतलेले दोन्ही आकडे अपुरे आहेत. १,९०० किलो हे ट्रेलरचे कोरे वजन आहे, म्हणजे कारखान्यातून बाहेर पडतानाचे. त्यात पाणी नसते, आणि बहुधा बॅटरी, गॅसच्या टाक्यांतला गॅस व विक्रेत्याने नंतर बसवलेली उपकरणेही धरलेली नसतात. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तेव्हा दीडशे लिटरची टाकी भरली की दीडशे किलो तिथेच वाढले. भांडी, अंथरुणे, कपडे, शिधा, खुर्च्या, नळ्या, अवजारे हे सारे मिळून कुटुंबाचा ट्रेलर कोऱ्या वजनापेक्षा तीनशे-चारशे किलोंनी सहज जड होतो. म्हणून निवड करताना कोरे वजन बाजूला ठेवावे आणि ट्रेलरच्या पट्टीवर छापलेले कमाल अनुज्ञेय वजन, ज्याला जीव्हीडब्ल्यूआर म्हणतात, तेच हिशेबात घ्यावे.

आता गाडीची बाजू पाहू. ओढण्याची क्षमता ठरवण्यासाठी अमेरिकेत एसएई या वाहन अभियंत्यांच्या संघटनेचा जे२८०७ नावाचा मापदंड २००८ साली प्रसिद्ध झाला. त्याआधी प्रत्येक कंपनी आपापल्या रीतीने मोजमाप करून आकडा जाहीर करत असे. या मापदंडाच्या कसोट्यांमध्ये ॲरिझोनातल्या डेव्हिस धरणाजवळच्या सुमारे १८ किलोमीटरच्या चढावर, वातानुकूलन पूर्ण चालू ठेवून, गाडीने ठरावीक किमान वेग राखावा लागतो. कसोटी कडक आहे, पण त्या वेळी गाडीत चालक आणि एक सहप्रवासी, प्रत्येकी ६८ किलोंचे, एवढेच धरलेले असतात. आपली मुले आणि मागच्या कप्प्यातले सामान त्या आकड्यात नाही. गाडी आणि ट्रेलर यांच्या एकत्रित वजनालाही मर्यादा असल्यामुळे गाडीत वाढलेला प्रत्येक किलो ओढण्याच्या क्षमतेतून वजा होतो.

तरीही बहुतेक कौटुंबिक गाड्यांत सर्वांत आधी संपते ती वाहण्याची क्षमता, म्हणजे पेलोड. ट्रेलर मागून नुसता ओढला जातो असे वाटते, परंतु त्याच्या पुढच्या टोकाचा भार गाडीच्या हिचवर, म्हणजे ट्रेलर जोडण्याच्या मागच्या जोडणीवर, सरळ खाली पडतो. उत्तर अमेरिकी घडणीच्या ट्रेलरमध्ये हा टंग वेट भरलेल्या वजनाच्या १० ते १५ टक्के असावा लागतो. गाडीच्या दृष्टीने तो मागच्या टोकाला ठेवलेल्या सामानासारखाच असतो आणि पेलोडमध्येच मोजला जातो. पेलोडचा आकडा माहितीपत्रकात शोधू नये, कारण तिथे सहसा त्या मॉडेलच्या सर्वांत हलक्या आवृत्तीचा आकडा असतो. चालकाच्या दाराच्या चौकटीवरची पट्टी वाचावी; उत्तर अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या गाड्यांत प्रवासी आणि सामान यांचे एकत्रित वजन कितीपेक्षा अधिक नसावे, हे तिथे स्पष्ट लिहिलेले असते. जिथे अशी पट्टी नसते तिथे गाडीच्या कमाल अनुज्ञेय वजनातून तिचे स्वतःचे वजन वजा करावे. युरोपीय कागदपत्रांतल्या वजनात ७५ किलोंचा चालक आधीच धरलेला असतो, हे मात्र ध्यानात असावे.

आपल्या पट्टीवर ६०० किलो लिहिले आहे असे समजू. चौघांचे वजन २३० किलो, गाडीतले सामान ७० किलो आणि हिचचे सुटे भाग ३५ किलो धरले, तर टंग वेटसाठी २६५ किलो उरतात. भरल्यावर आपला ट्रेलर २,३०० किलोंच्या घरात जाईल आणि त्याचे १३ टक्के म्हणजे २९९ किलो होतात. म्हणजे पेलोड संपला. शिवाय हिचची स्वतःची मर्यादा असते. २,३०० किलो ओढणाऱ्या गाडीत ती पुष्कळदा २३० किलोच असते, आणि हिशेबात नेहमी सर्वांत लहान आकडाच निर्णायक ठरतो. २३० किलोंपासून उलटे गणित केले तर भरलेला ट्रेलर सुमारे १,७५० किलोंचा निघतो. आपण कमाल अनुज्ञेय वजन एवढेच असलेला, म्हणजे साधारण १,३५० किलो कोऱ्या वजनाचा ट्रेलर पाहावा. पसंत पडलेला ट्रेलर सोडणे जड जाईल, याची आम्हाला कल्पना आहे. तरीही मुले मागच्या आसनावर असताना मर्यादेच्या काठावर चालू नये, असे आम्ही मनापासून सांगतो.

प्रश्न : वजन विभागणारा हिच बसवला की गाडीची क्षमता वाढते, असे एका परिचितांनी सांगितले. तो घ्यावा का?

उत्तर : घ्यावा, पण क्षमता वाढवण्यासाठी नव्हे. टंग वेटमुळे गाडीचा मागचा भाग दबतो आणि पुढची चाके हलकी होतात; त्यामुळे सुकाणू सैल वाटते, पुढच्या ब्रेकची पकड कमी होते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्यांच्या डोळ्यांत जातो. वजन विभागणाऱ्या हिचचे स्प्रिंग बार, म्हणजे ताण देता येणाऱ्या लवचीक दांड्या, मागच्या ॲक्सलवरचा (चाकांच्या आसावरचा) काही भार पुढच्या ॲक्सलवर आणि ट्रेलरच्या ॲक्सलवर परत नेतात. ट्रेलरकडे गेलेला भाग थोडाच असतो, त्यामुळे पेलोडमध्ये मोजला जाणारा भार किंचित कमी होतो, पण पट्टीवरचे आकडे तेच राहतात. काही गाड्यांच्या हिचला अशा जोडणीशिवाय कमी आणि जोडणीसह अधिक मर्यादा दिलेली असते, तर काही उत्पादक हा हिच वापरूच देत नाहीत. गाडीची पुस्तिका वाचल्यावाचून खरेदी करू नये.

तो बसवताना पुढच्या चाकावरील कमानीची जमिनीपासूनची उंची तीनदा मोजावी : ट्रेलर न जोडता, जोडल्यावर, आणि बार ताणल्यावर. पुढची बाजू किती खाली परत आणायची, हे पुस्तिकेत दिलेले असते.

प्रश्न : भरधाव ट्रेलर डोलू लागून उलटल्याची चित्रफीत पाहिल्यापासून घरच्यांच्या मनात भीती बसली आहे. असे का होते आणि झाल्यास काय करावे?

उत्तर : ही भीती अनाठायी नाही, पण बहुतेक वेळा कारण निघण्यापूर्वीच तयार झालेले असते. टंग वेट कमी असलेला, मागे जड भरलेला ट्रेलर वाऱ्याच्या झोताने किंवा शेजारून जाणाऱ्या मोठ्या ट्रकमुळे एकदा बाजूला ढकलला गेला की त्याचे हेलकावे शमण्याऐवजी वाढत जातात. विशिष्ट वेगाच्या वर तर प्रत्येक हेलकावा आधीच्यापेक्षा मोठा होतो आणि ट्रेलरच गाडीला हलवू लागतो. म्हणून जड वस्तू ॲक्सलच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीलगत ठेवाव्यात. मागच्या बंपरवर सायकली टांगण्याचा मोह अनेकांना होतो. तराजूच्या दांडीच्या टोकाला ठेवलेले थोडे वजनही जसे दुसरे पारडे उचलते, तशा त्या सायकली पुढचा टंग वेट उचलून घेतात. पाण्याची टाकी ॲक्सलच्या मागे असेल तर ती भरलेली आणि रिकामी असताना ट्रेलर वेगळा वागतो, हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे.

हेलकावे सुरू झालेच तर सुकाणू सरळ व घट्ट धरावे आणि ॲक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा. ब्रेक कंट्रोलरवरचा, म्हणजे चालकाजवळ बसवलेल्या, ट्रेलरचे ब्रेक चालवणाऱ्या यंत्रावरचा, हाताने दाबायचा खटका वापरून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावावेत. त्याने ट्रेलर मागे ताणला जाऊन रेषेत येतो. गाडीचा ब्रेक जोरात दाबणे, वेग वाढवून सुटका करू पाहणे आणि सुकाणू उलटसुलट फिरवणे या तिन्ही गोष्टी घातक आहेत. ट्रेलर सावरल्यावर सुरक्षित जागी थांबून भरणी तपासावी.

येथे ब्रेक कंट्रोलरविषयी एक आग्रह. गाडी जितक्या जोराने थांबते तितक्याच प्रमाणात ट्रेलरचे ब्रेक लावणारा प्रमाणबद्ध प्रकार घ्यावा. ठरावीक वेळाने ठरावीक दाब देणारा स्वस्त प्रकार टाळावा. ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणारी ब्रेकअवे तार सुरक्षा साखळीला किंवा हिचच्या काढत्या भागाला न बांधता गाडीला पक्क्या असलेल्या भागाला स्वतंत्रपणे बांधावी, आणि साखळ्या जोडणीच्या खाली एकमेकींना छेदून लावाव्यात.

प्रश्न : युरोपात राहणारे आमचे नातेवाईक हिचवर ५ ते ७ टक्केच भार ठेवतात. मग १० ते १५ टक्के चूक की ते चूक?

उत्तर : दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. युरोपीय कॅरॅव्हॅन, म्हणजे तिथले असे ट्रेलर, हलक्या असतात आणि जड भाग ॲक्सलजवळ येतील अशी त्यांची मांडणी असते. तिथल्या अनेक गाड्यांच्या हिचची मर्यादाच ७५ ते १०० किलोंची असते, आणि वेगावरही अधिक बंधन असते. जर्मनीत ट्रेलरसह सर्वसाधारण मर्यादा ताशी ८० किलोमीटर आहे आणि विशेष मंजुरी असल्यास महामार्गावर १००. एका पद्धतीची टक्केवारी दुसऱ्या पद्धतीच्या ट्रेलरला लावू नये, एवढे पथ्य पुरे. परवान्याचे नियमही वेगळे आहेत : युरोपीय संघात साध्या बी परवान्यावर ७५० किलोंपेक्षा जड ट्रेलर असल्यास गाडी आणि ट्रेलर यांचे एकत्रित अनुज्ञेय वजन ३,५०० किलोंपर्यंतच चालते.

प्रश्न : आम्ही दोघेच आहोत. ट्रेलर किती लांब घ्यावा?

उत्तर : लांबीपेक्षा आतली मांडणी महत्त्वाची. ट्रेलर उभा असताना पलंगावर खरोखर आडवे व्हावे, शौचालयात दार लावून बसावे, ओट्यापाशी दोघांनी एकाच वेळी उभे राहावे. बाहेर सरकणारा कप्पा असेल तर तो बंद असताना शौचालय आणि फ्रिज यांपर्यंत पोहोचता येते का, हे पाहावे. वाटेत थांबल्यावर याचीच गरज पडते. समोरचा उंच, सपाट पृष्ठभाग वाऱ्याला जो विरोध करतो, तो महामार्गाच्या वेगाला वजनाइतकाच जाणवतो, म्हणून हलका पण उंच ट्रेलरही लहान गाडीला दमवतो. शक्य असल्यास त्याच मांडणीचा ट्रेलर आधी भाड्याने घ्यावा.

प्रश्न : विजेवर चालणारी गाडी ट्रेलर ओढू शकेल का?

उत्तर : उत्पादकाने परवानगी दिली असेल तर उत्तम ओढते, चढावर तर विशेष. मात्र उंच ट्रेलरमागे एका चार्जमधले अंतर साधारण निम्म्यावर येते, आणि अनेक चार्जिंग केंद्रांवर ट्रेलर सोडूनच गाडी लावावी लागते. मुक्कामांमधले अंतर कमी ठेवणाऱ्यांनीच हा मार्ग धरावा.

प्रश्न : जुना ट्रेलर घेताना सर्वांत आधी काय तपासावे?

उत्तर : पाणी. इतर सारे दुरुस्त होते; मुरलेल्या पाण्याने कुजलेला लाकडी सांगाडा दुरुस्त करायला ट्रेलर जवळजवळ उकलावा लागतो. कपाटांचे वरचे कोपरे, खिडक्यांखालचा भाग आणि छतावरच्या झरोक्यांभोवतीची जागा हाताने दाबून पाहावी. जमीन कुठे मऊ लागते का, बाहेरची भिंत फुगली आहे का, कोंदट वास येतो का, हे बघावे आणि शक्य तर ओलावा मोजणारे यंत्र सोबत न्यावे. छतावर चढून सांध्यांवरील सीलंट भेगाळले आहे का, तेही पाहावे. नवा रंग किंवा नवे भिंतपत्र एकाच कोपऱ्यात दिसले तर संशय घ्यावा.

त्यानंतर टायर. टायरवरच्या अमेरिकी पद्धतीच्या खुणेत शेवटचे चार आकडे तो बनल्याचा आठवडा आणि वर्ष दाखवतात : २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजण्याआधी वयाने निकामी होतात, म्हणून नक्षी नवी दिसली तरी पाच-सहा वर्षांनंतर ते बदलण्याची तयारी ठेवावी.

प्रश्न : ट्रेलर घेतला, हिशेब केला. तरी प्रत्यक्षात तो बरोबर जुळला आहे, याची खात्री कशी करावी?

उत्तर : ॲक्सलवार वजन देणाऱ्या ट्रकच्या वजनकाट्यावर जाऊन. सहलीला निघतो तसे सारे सामान, पाणी आणि माणसे घेऊन जावे. आधी फक्त गाडी, सर्वांसह, तोलावी. मग ट्रेलर जोडून, स्प्रिंग बार सैल ठेवून, गाडीचे दोन्ही ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वेगवेगळी नोंद घ्यावी. तिसऱ्यांदा बार ताणून तीच नोंद करावी. दुसऱ्या तोलातल्या गाडीच्या ॲक्सलांच्या बेरजेतून एकट्या गाडीचे वजन वजा केले की खरा टंग वेट मिळतो, आणि एकूण बेरजेतून तेच वजा केले की भरलेल्या ट्रेलरचे वजन. तिसऱ्या तोलातला मागच्या ॲक्सलचा आकडा दाराच्या चौकटीवरील त्याच्या मर्यादेशी ताडून पाहावा, कारण एकूण वजन मर्यादेत असूनही तेवढा एकच ॲक्सल ओलांडलेला आढळू शकतो. तसे असेल तर गाडीच्या मागच्या कप्प्यातले जड सामान ट्रेलरमध्ये ॲक्सलच्या वर हलवावे आणि पुन्हा तोलावे. टंग वेट १० टक्क्यांखाली आला असेल तर ट्रेलरच्या मागच्या भागातले सामान पुढे आणावे, तोही पुन्हा तोलावा, आणि आकडे जुळेपर्यंत लांबचा प्रवास काढू नये.