मे महिन्यासाठी एकच जाड कादंबरी

या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे कादंबरीवाचनाविषयी आहेत. पहिल्या पत्राला थोडे विस्ताराने उत्तर दिले आहे, कारण त्यात विचारलेली अडचण उन्हाळ्याच्या तोंडावर अनेकांना पडत असावी.

प्रश्न : गेल्या काही महिन्यांत विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ आणि लगोलग कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ अशा दोन कादंबऱ्या वाचून झाल्या. सध्या गो. नी. दांडेकरांची ‘पडघवली’ हाती असून ती निम्म्याहून अधिक झाली आहे. मे महिन्यात शाळेला सुटी असल्याने दुपारचा वेळ मोकळा मिळतो. मात्र याच महिन्यात घरी पाहुण्यांची ये-जा असते आणि यंदा जवळच्या नात्यातले एक लग्नही आहे. सुटीसाठी मी ‘तुंबाडचे खोत’, ‘सातपाटील कुलवृत्तांत’, ‘हिंदू’, ‘बारोमास’, ‘बनगरवाडी’, ‘रणांगण’ आणि ‘कोसला’ अशी सात पुस्तकांची यादी केली आहे. ही यादी योग्य आहे का, आणि कोणत्या क्रमाने वाचावी?
— एक शिक्षिका, नाशिक

उत्तर : आपल्या यादीतील एकही पुस्तक गाळावे असे नाही, पण ही यादी एका महिन्याची नव्हे, वर्षाची आहे. सातांपैकी तीन पुस्तके जाडजूड आहेत आणि तिन्हींचा जीव पिढ्यांच्या कथनात आहे. ‘तुंबाडचे खोत’मध्ये श्री. ना. पेंडसे यांनी दोन खंडांत एका खोत घराण्याच्या चार पिढ्या उभ्या केल्या आहेत. ‘सातपाटील कुलवृत्तांत’मध्ये रंगनाथ पठारे यांनी एका मराठा कुळाचा माग काढीत सुमारे सातशे वर्षे मागे जाण्याचा घाट घातला आहे, तर ‘हिंदू’मधला भालचंद्र नेमाडे यांचा खंडेराव मोहेंजोदडोच्या उत्खननातून वडिलांच्या आजारपणाची बातमी ऐकून गावाकडे निघतो आणि त्याच्याबरोबर सगळा गोतावळा जागा होतो. अशी तीन पुस्तके पाठोपाठ वाचायला घेतली, तर दुसऱ्या पुस्तकातला चुलता पहिल्यातल्या आजोबाशी गल्लत करू लागतो आणि तिसरे पुस्तक केवळ संपवण्यासाठी वाचले जाते. म्हणून यंदाच्या सुटीत यांपैकी एकच घ्यावे, असा माझा आग्रह आहे.

ते एक पुस्तक ‘तुंबाडचे खोत’ असावे, आणि त्याचे कारण आपल्या हातातल्या पुस्तकात आहे. ‘पडघवली’मध्ये कोकणातले एक गाव विस्कटत जाताना आपण ते अंबूवहिनीच्या तोंडून ऐकतो. तिला जेवढे दिसते, जेवढे कानावर येते आणि जेवढे सोसावे लागते, तेवढेच आपल्याला कळते. म्हणून ती कादंबरी जवळची वाटते आणि म्हणूनच तिच्यात काही गोष्टी अर्ध्या प्रकाशात राहतात. पेंडसे तीच उतरती कळा कैक पटींनी मोठ्या पटावर मांडतात आणि घराबाहेरूनही तिच्याकडे बघतात. खोत म्हणजे मुळात गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणारा. पण पिढ्यान्‌पिढ्या हे काम एकाच घराकडे राहिल्यावर तो गावाचा धनी होऊन बसला आणि कसणाऱ्या कुळांवर त्याची सत्ता चालू लागली. ही पद्धत मोडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1937 मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. प्रत्यक्ष खोती रद्द करणारा कायदा 1949 मध्ये झाला. एवढी पार्श्वभूमी मनाशी असली, की तुंबाडच्या वाड्यातले वैभव कुणाच्या श्रमावर उभे आहे, हा प्रश्न वाचताना सतत जागा राहतो. पेंडशांचा जीव वाड्यात अधिक रमतो, हे खरे. कुळांच्या झोपडीत त्यांची लेखणी तितका वेळ थांबत नाही. एवढी थोर कादंबरी वाचताना हेही नोंदवून ठेवायला हरकत नाही.

येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण अलीकडे अनेक जण ‘तुंबाड’ या 2018 च्या हिंदी चित्रपटामुळे या पुस्तकाकडे वळतात. त्या चित्रपटाची कथा या कादंबरीवर आधारलेली नाही. भुयारातला खजिना आणि भयकथा यांच्या अपेक्षेने पहिला खंड उघडणाऱ्याच्या हाती जगबुडी नदीच्या काठचे जमीनजुमल्याचे आणि भाऊबंदकीचे जग येईल. आपली तशी अपेक्षा नसावी, पण सुटीत पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात जाते, म्हणून पाहुण्यांनाही सांगून ठेवावे.

वाचताना एक कोरा कागद पुस्तकातच घडी करून ठेवावा आणि पहिल्या प्रकरणापासून त्यावर वंशावळ उतरवीत जावे. नावाखाली नाव, लग्न होऊन आलेल्या स्त्रीचे नाव शेजारी, आणि कोण कोणत्या प्रकरणात प्रथम भेटले त्या पानाचा आकडा कंसात, एवढे पुरे. पाहुण्यांमुळे चार दिवस खंड पडला, तरी पाच मिनिटे कागद पाहिला की धागा जुळतो. काही घराण्यांच्या कादंबऱ्यांत अशी वंशावळ सुरुवातीलाच छापलेली असते. तिच्यातून पुढचे मृत्यू आणि लग्ने आधीच कळून जातात, त्यामुळे आपण स्वतः काढलेली अधिक बरी. पहिला खंड लग्नाआधी आणि दुसरा लग्नानंतर, अशी वाटणी केली तर आपले वेळापत्रक आणि कादंबरीची बांधणी दोन्ही सांभाळली जातील.

दोन खंडांच्या मध्ये ‘रणांगण’ घ्यावी. विश्राम बेडेकरांची ही 1939 सालची कादंबरी दोन दुपारींत होते. युरोपातून मुंबईकडे येणारी बोट, तिच्यावर मायदेशी परतणारे हिंदी प्रवासी आणि हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेले ज्यू निर्वासित, आणि त्यांत भेटलेले चक्रधर व हॅर्टा: एवढ्यावर सारा डोलारा उभा आहे. चक्रधरला मुंबईला उतरायचे आहे आणि हॅर्टाला उतरता येणार नाही, हे पहिल्यापासून ठाऊक असूनही आपण वाचत राहतो. ही कादंबरी मध्ये घालण्याचे कारण केवळ तिची लांबी नव्हे. आपण गेले काही महिने ज्या विषयात आहात, तो माणसे घरातून उठवली जाण्याचा विषय आहे. मात्र ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’मुळे आपल्या मनात त्याचे चित्र धरण, सर्वेक्षण आणि नुकसानभरपाई यांचेच उमटले असणार. ‘रणांगण’मध्ये एक अख्खा देशच आपल्या माणसांना ढकलून बाहेर काढतो आणि त्यांना उतरवून घेणारे बंदर सापडत नाही. हाच विषय दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर, इतक्या दूरच्या माणसांच्या बाबतीत एका मराठी लेखकाने हाताळला, हे आज पाहिले तरी नवल वाटते.

आपण ‘झाडाझडती’ आणि ‘रिंगाण’ पाठोपाठ वाचल्या, हा योग चांगला जुळला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी महाराष्ट्राने 1976 मध्ये स्वतंत्र कायदा केला, आणि तरीही कागदावरचे पुनर्वसन व माणसाचे वसणे यांत किती अंतर राहते, हे पाटील यांनी कचेऱ्या, दलाल, पुढारी आणि हतबल गावकरी यांच्या गर्दीतून दाखवले. त्या पुस्तकाला 1992 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. खोत यांच्या पुस्तकाला तोच पुरस्कार 2023 मध्ये मिळाला, तेव्हा विषय जुना झाला नव्हता, फक्त गर्दी ओसरली होती. उठवलेल्या गावात मागे राहून रानटी झालेली म्हैस, आणि तिला परत आणण्यासाठी जाणारा माणूस, एवढ्यावरच तो लेखक थांबतो. मला स्वतःला दुसरी पद्धत अधिक धीट वाटते. तिथे शासन जवळजवळ दिसत नाही, पण त्याने केलेले नुकसान जनावराच्या नजरेत दिसते.

यानंतर सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ लगेच घेऊ नये, असे मी सुचवीन. कर्जात आणि कोरडवाहू शेतीत अडकलेले कुटुंब आणि शिकूनही नोकरी न मिळालेला त्यातला एकनाथ, ही त्या पुस्तकाची ताकद आहे. त्याला ताज्या मनाने सामोरे जायला हवे, आणि ‘झाडाझडती’नंतर तसे मन राहत नाही. दिवाळीच्या सुटीत कापसाचा हंगाम चालू असताना ते वाचावे.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ मात्र मेच्या शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवावी, आणि आपण शिक्षिका असल्यामुळे तर नक्कीच. 1955 सालच्या या छोट्या कादंबरीत औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक पोरसवदा मास्तर येतो. शाळा आहे, पण पोरे मेंढरांमागे गेलेली. मास्तरने शाळा भरवण्यासाठी केलेली खटपट, कारभाऱ्याशी जुळलेले आणि बिघडलेले संबंध, गावाने अंगमेहनतीने उभारलेली तालीम आणि ती पाहायला आलेले राजेसाहेब हे सगळे माडगूळकर आवाज न चढवता सांगतात. मग पाऊस दगा देतो आणि वाडी रिकामी होऊ लागते. कुणी खलनायक नाही, कुणी उठवलेले नाही. तरी गाव उठते. आपली मागची तीन पुस्तके आठवून ही शेवटची पाने वाचावीत.

‘कोसला’ लग्नघरी नेऊ नये. पांडुरंग सांगवीकरच्या वसतिगृहातल्या उद्योगांवर आपण एकट्यानेच हसू लागलात, तर चार माणसांत त्याचा खुलासा करावा लागेल. आणि नंतर त्याच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पाने येतात, ती तर कुणाच्याच लग्नघरात वाचण्यासारखी नाहीत. ते पुस्तक, ‘हिंदू’ आणि ‘सातपाटील कुलवृत्तांत’ ही तिन्ही पुढच्या वर्षासाठी राहू द्यावीत. ‘कोसला’ आणि ‘हिंदू’ या नेमाड्यांच्या दोन पुस्तकांमध्ये जवळजवळ अर्धे शतक आहे, 1963 आणि 2010. आधीचे आधी वाचावे.

प्रश्न : उद्धव शेळके यांची ‘धग’ एका मित्राच्या शिफारशीवरून सुरू केली, परंतु संवादांतील वऱ्हाडी बोली समजण्यास जड जाते. आमचे कुटुंब दोन पिढ्या गुजरातेत असल्याने मराठी घरात बोलली जाते, पण ती पुण्याकडची. पुस्तक बाजूला ठेवावे का?
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : ठेवू नये. ‘धग’चे निवेदन सरळ प्रमाण मराठीच्या जवळचे आहे; अडते ते केवळ संवादांत. पहिली वीस-पंचवीस पाने घरातल्या कुणाला तरी समोर बसवून मोठ्याने वाचून पाहावीत. डोळ्यांना अनोळखी वाटलेले बरेचसे शब्द कानावर पडताच ओळखीचे निघतात. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो, म्हणजे ‘काळा’ तिथे ‘काया’ होतो. ‘का’ किंवा ‘कशासाठी’ याला ‘काहून’ म्हणतात. आणि चालू असलेली क्रिया ‘करून राहिला’ अशा धाटणीने सांगतात. या तीन गोष्टी कळल्या, की निम्म्याहून अधिक अडचण संपते. उरलेले शब्द संदर्भाने कळतात. न कळले तरी कौतिक कळते, आणि ती कादंबरी कौतिकचीच आहे. नवऱ्याचे शिवणकाम चालत नाही, पुढे त्याला महारोग जडतो, आणि ही बाई एकेक दिवस रेटत नेते. तिचे बोलणे प्रमाण भाषेत घातले असते, तर ती सोशिक, पुस्तकी नायिका झाली असती. तिच्या तोंडची भाषा तिच्या तडफेसकट आली आहे, म्हणून 1960 सालचे हे पुस्तक अद्याप टिकून आहे. आपण मराठीपासून दूर राहता म्हणून तर हे पुस्तक आपल्या घरात मोठ्याने वाचले जावे. मुलांच्या कानावर पुण्याखेरीज दुसरी मराठी या निमित्ताने पडेल.

प्रश्न : गौरी देशपांडे यांचे ‘एकेक पान गळावया’ नुकतेच संपवले. उन्हाळ्यात स्त्रीलेखिकांच्या आणखी दोन कादंबऱ्या वाचायच्या आहेत. कोणत्या घ्याव्यात?
— एक वाचक, मडगाव

उत्तर : आपण वाचलेल्या पुस्तकात तीन लघुकादंबऱ्या आहेत, त्यामुळे खरे तर आपल्या तीन आधीच झाल्या. पुढे शांता गोखले यांची ‘रीटा वेलिणकर’ घ्यावी आणि नंतर कविता महाजन यांची ‘ब्र’. पहिलीत मुंबईतली एक मिळवती स्त्री आजारपणाच्या निमित्ताने आपले आयुष्य उलगडून पाहते. गौरी देशपांडे यांच्या नायिकांशी तिचे नाते लगेच ओळखू येते, फक्त तिच्या वाट्याला त्यांच्याइतकी मोकळीक आलेली नाही. ‘ब्र’ त्या वर्तुळाबाहेर पडते. संस्थेच्या कामासाठी आदिवासी भागात फिरणारी प्रफुल्ला पंचायतीत निवडून आलेल्या बायकांना भेटत जाते आणि सरपंचपदाच्या खुर्चीवर बसलेल्या बाईला प्रत्यक्षात काय भोगावे लागते, हे त्यांच्याच बोलण्यातून पुढे येते. रचना काहीशी सैल आहे. अहवाल आणि कादंबरी यांच्या सीमेवर ती रेंगाळते. तरीही त्या बायकांची बोलणी वाचण्यासाठी ती घ्यावीच. आणि या दोन्ही संपून जून लांबला, तर गौरी देशपांडे यांनीच मराठीत आणलेल्या ‘अरेबियन नाइट्स’चे सोळा खंड आहेत. ग्रंथालयातून पहिला खंड आणावा. आवडला तर पावसाळ्याचीही सोय होते.