बास्केटबॉलमध्ये शॉट एका हाताने शिकावा की दोन्ही हातांनी?

तुम्ही लिहिले आहे की तुम्ही नुकतेच खेळायला लागला आहात, उजव्या हाताचे आहात, फ्री थ्रोच्या (फाउलनंतर मिळणाऱ्या मोकळ्या शॉटच्या) रेषेवरून एका हाताने टाकलेला चेंडू रिंगपर्यंत पोहोचत नाही आणि दोन्ही हातांनी टाकलेला पोहोचतो, पण उजवीकडे जातो. माझे उत्तर असे की शॉट एका हाताचाच शिकावा. दुसरा हात चेंडू वर नेईपर्यंत त्याला आधार देण्यापुरता असतो आणि शॉट सुटताना त्याने बाजूला राहायचे असते. तुमचा चेंडू उजवीकडे जातो तो बहुधा डाव्या अंगठ्याने शेवटच्या क्षणी दिलेल्या धक्क्यामुळे.

हा वाद मी शाळेत असल्यापासून घालत आले आहे. नव्वदच्या दशकात आमच्या शाळेच्या सिमेंटच्या कोर्टवर मुलांचा सराव संपल्यावर मुलींना वेळ मिळत असे, आणि चेंडूही मुलांचाच, सात नंबरचा, घासून गुळगुळीत झालेला. मुलींसाठीचा सहा नंबरचा चेंडू परिघाने सुमारे 3 सेंटीमीटर लहान आणि वजनाने हलका असतो, पण तो आम्ही पाहिलाही नव्हता. आमचे सर मुलांना सांगत, ‘गुडघे वाकवा, चेंडू डोक्यावरून सोडा’, आणि आम्हाला सांगत, ‘छातीपासून दोन्ही हातांनी ढकला, मुलींच्या मनगटात तेवढी ताकद नसते.’ एकाच संध्याकाळी, एकाच रिंगखाली दोन वेगळी शास्त्रे शिकवली जात होती आणि त्याचे कोणालाही काही वाटत नव्हते. मी मुलांचा सराव कडेला बसून पाहत असे, त्यामुळे गुडघ्यांचा सल्ला मला फुकटात मिळाला. मग मी रिंगच्या अगदी खाली उभी राहून, डावा हात पाठीमागे धरून, एकट्या उजव्या हाताने चेंडू टाकायला सुरुवात केली आणि चेंडू सरळ जाऊ लागल्यावरच एकेक पाऊल मागे सरकले. सरांनी हे पाहिले तेव्हा ‘फॅशन करू नकोस’ म्हणून मला आंतरशालेय स्पर्धेत राखीव खेळाडूंमध्ये बसवले. पुढे महाविद्यालयाच्या संघात आल्यावर माझ्या शाळेतल्या मैत्रिणींना छातीपासून ढकलण्याची सवय मोडण्यात पूर्ण हंगाम घालवावा लागला, कारण बचाव करणारी मुलगी समोर हात वर करून उभी राहिली की त्यांचा शॉट हातातून सुटायच्या आधीच अडवला जाई.

सरांना तेव्हा सांगता आले नाही ते येथे सांगते. ‘फॅशन’ म्हणून हिणवलेली ही पद्धत त्या वेळीही साठ वर्षे जुनी होती. अमेरिकेत एके काळी पुरुषही लांबचे शॉट दोन्ही हातांनीच मारत. डिसेंबर 1936 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाचा खेळाडू हँक लुइसेटी न्यू यॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका हाताने शॉट मारत खेळला, प्रतिस्पर्धी लाँग आयलंड विद्यापीठाची सलग 43 विजयांची मालिका त्या सामन्यात तुटली, आणि ‘हे बास्केटबॉलच नव्हे’ म्हणणाऱ्या जाणत्या प्रशिक्षकांना पुढे आपले मत बदलावे लागले.

दोन हात कधीच सारखा जोर लावत नाहीत आणि त्या फरकाने चेंडूची दिशा बदलते. एका हाताचा शॉट चुकला तर बहुतेक वेळा कमी किंवा जास्त पडतो, आणि ती चूक सुधारायला सोपी असते. छातीपासून ढकललेला चेंडू सपाट जातो, हा दुसरा दोष. रिंगचा आतला व्यास सुमारे 45 सेंटीमीटर आणि सात नंबरच्या चेंडूचा सुमारे 24 सेंटीमीटर असतो. चेंडू जमिनीशी 30 अंशांच्या कोनाने आला तर त्याच्या वाटेत रिंगचे तोंड जेमतेम साडेबावीस सेंटीमीटर उरते, म्हणजे कडेला न लागता तो आत जाऊच शकत नाही. 45 अंशांनी आला तर तेच तोंड जवळजवळ 32 सेंटीमीटर मिळते. म्हणून चेंडू उंच जाऊ द्या, कोपर रिंगच्या रेषेत ठेवा, चेंडू तळव्यावर न टेकवता बोटांवर घ्या आणि शेवटी मनगट पुढे पडू द्या, म्हणजे चेंडू उलटा फिरत जाईल आणि रिंगवर आपटला तरी फार लांब उसळणार नाही.

चेंडू रिंगपर्यंत पोहोचत नाही, तर रेषेवर उभे राहू नका. फ्री थ्रोची रेषा रिंगमागच्या बोर्डापासून 4.6 मीटरवर असते. तुम्ही दोन मीटरवरून सुरुवात करा. तेथेही हात कमी पडत असेल, तर गुडघे आणि हात यांची वेळ जुळत नाही असे समजा: पाय सरळ होत असतानाच चेंडू वर निघाला पाहिजे, पाय थांबल्यावर नव्हे.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली पाहिजे. जपानमध्ये मुलींना दोन्ही हातांचा शॉट शिकवण्याची जुनी प्रथा आहे आणि त्या देशाच्या महिला संघाने टोकियो ऑलिंपिकमध्ये रौप्यपदक मिळवले, तेव्हा त्या पद्धतीने कोणी चांगले खेळूच शकत नाही असे मी म्हणणार नाही. अगदी लहान मुलांनाही सुरुवातीला दोन हात लागतात. पण त्यांच्यासाठी मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 3.05 मीटरऐवजी 2.60 मीटरवर लावतात आणि चेंडू पाच नंबरचा देतात, आणि आमच्या सरांनीही मनगटांना दोष देण्याआधी चेंडू बदलायला हवा होता.

तुमच्या कोर्टवर कोणी मनगटाचा विषय काढलाच, तर त्यांना खुर्चीवर बसून फ्री थ्रो मारायला सांगा. व्हीलचेअरवर खेळणाऱ्यांनी खांदे त्यासाठी घडवलेले असतात, त्यांची गोष्ट वेगळी; बाकीच्यांचा चेंडू रिंगच्या अलीकडे पडला की ताकद मनगटातून येते की पायांतून, यावर पुढे बोलायला हरकत नाही.