मुंगळ्यांचं घर बदलताना

प्रश्न : काचेच्या नळीत मुंगळ्यांची राणी आणि पंचवीसेक कामकरी आहेत. पाण्याकडचा कापूस काळा पडलाय, पाणीही संपत आलंय. नळी झटकून त्यांना नव्या घरात टाकू का?

उत्तर : झटकू नका! दणक्याने राणी बिथरते, अंडी-अळ्या चिरडतात. कापसावरच्या काळ्या डागांची फारशी चिंता नको. पाणी संपणं मात्र घातक. नव्या नळीचा एक तृतीयांश भाग पाण्याने भरून कापूस घट्ट बसवा. सैल राहिला तर पाणी झिरपून पिल्लं बुडतात. दोन्ही नळ्यांची तोंडं जोडून टेप लावा, फट राहू देऊ नका. नवी नळी काळ्या कागदात गुंडाळा, जुनी उजेडात ठेवा. उन्हात नव्हे, काच तापून सगळी वसाहत मरेल. कामकरी आधी पाहणी करतात, मग अळ्या तोंडात धरून नेऊ लागतात. याला कधी तास लागतात, कधी आठवडा. घाई करू नका. मोठं घर इतक्यात नको, रिकाम्या कोपऱ्यात कचरा साठून बुरशी धरते.

खायला साखरपाण्याचा थेंब (एक भाग साखर, तीन भाग पाणी) आणि अळ्यांसाठी उकळत्या पाण्यात मारलेला छोटा किडा द्या. फवारणीने मेलेलं झुरळ कधीच नको. उरलेला किडा दुसऱ्या दिवशी काढा.