ओनेचे हत्ती आणि कमानीतले एकतीस वडील

प्रश्न : पश्चिम फ्रान्समधील ओने या गावातल्या सेंट पीटर चर्चच्या छायाचित्रांत एका खांबाच्या माथ्यावर हत्ती कोरलेले दिसले. बाराव्या शतकातील फ्रेंच कारागिराने हत्ती कोठे पाहिला असेल? मोठ्या चर्चच्या दारावर असतो तसा अर्धवर्तुळाकार शिल्पपट येथे का नाही? आणि आत इतका अंधार का?

उत्तर : हत्ती त्याने बहुधा पाहिलाच नसावा. आपले प्रेक्षक ओळखतील याचीही त्याला खात्री नसावी, कारण त्याने दगडावर लॅटिनमध्ये ‘ही सुंत एलेफांतेस’, म्हणजे ‘हे हत्ती आहेत’, असे चक्क लिहूनच टाकले आहे. (यातील ‘सुंत’ हे संस्कृत ‘सन्ति’चेच भावंड.) बगदादच्या खलिफाने फ्रँक सम्राट शार्लमेनला पाठवलेला हत्ती ८०२ साली आखेनला (आजच्या जर्मनीतील त्याच्या राजधानीला) पोहोचला होता खरा, पण तो ८१० मध्येच मेला, हे चर्च त्यानंतर तीनशे वर्षांनी उभे राहिले. पूर्वेकडून येणाऱ्या रेशमी वस्त्रांवर मात्र हत्ती विणलेले असत आणि तसे एक बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्यातले) वस्त्र आखेनच्या कॅथेड्रलमध्ये आजही जपलेले आहे. ओनेच्या कारागिरापुढे अशाच एखाद्या वस्त्रावरची किंवा हस्तलिखितातली आकृती असावी, हा तर्क मला सर्वांत पटण्याजोगा वाटतो.

शिल्पपट नाही, ही उणीव नसून त्या प्रदेशाची रीत आहे. फ्रान्समधल्याच ओताँ किंवा वेझले येथील चर्चमध्ये दारावरच्या अर्धवर्तुळात एकच भव्य प्रसंग कोरलेला असतो. ओनेच्या परिसरातील प्वातू आणि सँतोंज या भागांत ती जागा मोकळी सोडून सारी कला एकात एक बसवलेल्या कमानींवर खर्च केली जाई. कमान पाचरीच्या आकाराच्या दगडांची असते, आणि ओनेच्या दक्षिण दारावर बहुतेक ठिकाणी एका दगडावर एक आकृती असा हिशेब दिसतो. तिसऱ्या कमानीत मुकुट घातलेले आणि हातांत वाद्ये व कुप्या धरलेले ‘वडील’, म्हणजे देवाच्या सिंहासनाभोवती बसणारे ज्येष्ठ पुरुष, ओळीने बसले आहेत. बायबलच्या प्रकटीकरण या ग्रंथात ते २४ आहेत, येथे मोजले तर ३१ भरतात. कमान पुरी करायला दगड अधिक लागले, म्हणून वडीलही वाढले, असाच याचा अर्थ लावला जातो. धर्मग्रंथातील आकड्यापेक्षा कमानीचे माप वरचढ ठरावे, ही गंमत मला त्या हत्तींहूनही अधिक आवडते. तिच्या बाहेरच्या कमानीत तर वीणेसारखे वाद्य वाजवणारे गाढवही आहे!

अंधाराचे कारण छतात आहे. मधल्या दालनावर दगडाचे लांबलचक कमानी छत आहे आणि ते आपल्या भाराने बाजूच्या भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. तो रेटा पेलण्यासाठी दोन्ही बाजूंची अरुंद दालने जवळपास तितकीच उंच बांधली गेली, त्यामुळे मधल्या भिंतींत वरच्या बाजूला खिडक्या काढायला जागाच उरली नाही; उजेड येतो तो बाजूच्या दालनांतून, गाळून. स्पेनमधील सांतियागो दे कोंपोस्तेला या तीर्थक्षेत्राच्या वाटेवरचा यात्रेकरू उन्हातून दक्षिण दाराने आत शिरला, की त्याचे डोळे सरावायला वेळ लागत असणार, आणि हत्ती नेमके त्याच बाजूला, मधल्या दालनाला छेदणाऱ्या आडव्या दालनाच्या दक्षिण भागात, वर कोरलेले आहेत.