फळ्यावरचं उतरवतो, स्वतःचं लिहीत नाही

प्रश्न : आदरणीय बाई, मी पाटण तालुक्यातल्या एका द्विशिक्षकी शाळेत तिसरी-चौथीला शिकवतो. तिसरीतला एक मुलगा बोलायला लागला की थांबत नाही. म्हशीच्या गोष्टी, धरणाच्या पाण्याच्या गोष्टी, मुंबईत माथाडी असलेल्या वडिलांच्या गोष्टी. पण ‘लिही’ म्हटलं की पेन्सिल चावत बसतो, तासाभरात दोन ओळी होतात. 7 नोव्हेंबरच्या विद्यार्थी दिवसाला मी फळ्यावर निबंध लिहून दिला, तो मात्र त्याने नीट उतरवला. मुलगा आळशी वाटत नाही. मग अडतं कुठे, आणि मी काय करू?
— एक शिक्षक, पाटण तालुका

उत्तर : सर, मुलगा आळशी नाही हे तुम्ही स्वतःच ओळखलंत, याचा मला फार आनंद झाला. ‘लेखनात मागे’ एवढा शेरा मारून पुढे जायची आपल्याकडे जुनी सवय आहे आणि त्या शेऱ्यातून कुणालाच काही कळत नाही. लिहिताना मूल एकाच वेळी तीन कामं करत असतं. सांगायचं ते मनात धरून ठेवायचं, त्यातला प्रत्येक शब्द कोणत्या अक्षरांनी होतो ते आठवायचं, आणि ती अक्षरं हाताने काढायची. मोठ्यांची शेवटची दोन कामं आपोआप होतात, म्हणून आपल्याला ती कामं वाटतच नाहीत.

आता तुमचंच पत्र पुन्हा वाचा. फळ्यावरचं नीट उतरवतो, म्हणजे हात तयार आहे, डोळ्यांनाही दिसतंय. सांगायला भरपूर आहे. राहिलं मधलं काम. खात्री करायची तर त्याच्याच बोलण्यातली पाच-सहा वाक्यं त्याला श्रुतलेखनाला घाला, पुस्तकातला उतारा नको. वही बघताना चुका मोजू नका, त्या कुठे होतात ते बघा. माझा अंदाज आहे की तो वेलांटी, रफार आणि जोडाक्षरांपाशी थांबत असेल. ‘दिवस’ म्हणताना कानाला आधी द ऐकू येतो आणि मग इ, पण कागदावर वेलांटी द च्या अलीकडे बसते. ‘सूर्य’मधला र तोंडातून य च्या आधी निघतो आणि लिहिताना य च्या डोक्यावर जातो. कानावर भरवसा ठेवून लिहिणारं मूल इथे चुकणारच. ते लक्ष देऊन ऐकतंय म्हणून चुकतंय, हे कृपा करून ध्यानात घ्या. त्याला दाखवा : आधी अक्षर काढ, मग मागे येऊन वेलांटी दे. एका वेळी एकच गोष्ट घ्या आणि तिचे शब्द त्याच्या घरा-शिवारातले निवडा : विळा, चिखल, शिवार, हिरवा.

पण माझ्या मते त्याची मोठी अडचण याच्याही पुढची आहे. तो घरी म्हणतो, ‘आमची म्हस लय दूध देती, पर आधी रेडकाला पाजावं लागतंय.’ वहीत त्याच्याकडून ‘आमची म्हैस खूप दूध देते’ असं हवं असतं. म्हणजे तीन कामांच्या जोडीला चौथं आलं. मनातलं प्रत्येक वाक्य आधी पुस्तकी मराठीत बसवायचं, मगच पेन्सिल टेकवायची. आठ-नऊ वर्षांचं पोर तिथे गप्प होतं. फळ्यावरचा निबंध त्याला जमला, कारण बसवायचं काम तुम्ही आधीच केलेलं होतं.

म्हणून काही दिवस असं करा. त्याला शेजारी बसवा, त्याला सांगू द्या, लिहा तुम्ही. जसं बोलला तसंच लिहा, ‘म्हस’ तर ‘म्हस’, ‘लय’ तर ‘लय’. मग ते त्याला वाचायला द्या. शब्द त्याचेच असल्यामुळे तो वाचेल, आणि आपलं बोलणं कागदावर उभं राहतं हे पहिल्यांदा बघेल. पहिल्या दिवशी त्याने फक्त शेवटची ओळ खाली उतरवायची. पुढे तुम्ही तीन वाक्यं लिहायची, चौथं त्याने. मग तुमची दोन, त्याची दोन. तुमचा वाटा कमी होत जाईल, घाई मात्र करू नका. दोन वर्ग सांभाळून यासाठी वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न खरा आहे. चौथीतल्या एखाद्या मुलीला त्याची लेखनिक करा. तो सांगेल, ती लिहील. तिचंही श्रुतलेखन होऊन जाईल.

बोलीभाषेला जागा दिली तर भाषा बिघडेल, अशी भीती आपल्या कितीतरी शिक्षकांना वाटते. आपल्याच सातारा जिल्ह्यात फलटणला डॉ. मॅक्सीन बर्नसन यांनी तिथल्या लोकांच्या मराठी बोलण्याचा अभ्यास करून पीएच.डी. केली, आणि पुढे तिथेच मुलांच्या शिक्षणासाठी प्रगत शिक्षण संस्था उभी केली. अमेरिकेत जन्मलेल्या बाईंना आपल्या लोकांच्या बोलण्यात अभ्यासाचा विषय दिसला. आपण निदान त्यावर लाल रेघ ओढू नये.

प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी. पुढच्या परीक्षा, अर्ज, नोकऱ्या तिच्यातच आहेत. फक्त ती मजकुराच्या आधी आणू नका. पान भरलं की त्यातले दोनच शब्द निवडा आणि म्हणा, ‘हे पुस्तकात कसं लिहितात बघू.’ भिंतीवर दोन रकान्यांचा तक्ता लावा, एकीकडे ‘घरात’, दुसरीकडे ‘पुस्तकात’. हाय–आहे, न्हाई–नाही, लय–खूप. मुलंच त्यात भर घालतात. गोष्टीत आजी बोलत असेल तर तिच्या तोंडी ‘हाय’च राहू द्या.

आता विषयाचं. 7 नोव्हेंबर 1900 ला साताऱ्यात राजवाड्यातल्या शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं, म्हणून आपण तो दिवस पाळतो. त्या दिवशी वर्गभर एकच निबंध उतरवून काय मिळालं? मुलांना एवढंच विचारा : ‘शाळेच्या पहिल्या दिवशी तुला कोण घेऊन आलं? तू रडलास का?’ तीन ओळी येतील, पण प्रत्येकाच्या वेगळ्या. आपल्या जिल्ह्यातल्या नायगावच्या सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मुलीचा निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. मांग-महारांनी जे सोसलं, तेच तिने त्यात लिहिलं होतं. तिला कुणी ‘मी फुलपाखरू झाले तर’ हा विषय दिला नव्हता. तुमच्या मुलाला ‘पावसाळ्यातील एक दिवस’ देऊ नका. भाताचा तरवा उपटताना कंबर कुणाची दुखते, चिखलणीच्या वेळी कोण पडलं, इरलं कोण घेतं, असे बारीक प्रश्न विचारा. एका प्रश्नाला एक ओळ.

आणि त्याचं लिहिलेलं कुणीतरी खरोखर वाचायला हवं. वडील मुंबईत आहेत ना? 50 पैशांचं पोस्टकार्ड आणा. जागा थोडी, म्हणून मुलाला धास्ती वाटत नाही. म्हशीबद्दल चार ओळी त्याने वडिलांना लिहाव्यात. वडिलांना आधी फोन करून सांगा की कार्ड मिळाल्यावर चुका काढू नका, म्हशीबद्दल विचारा.

दोन-तीन महिने हे करूनही एकच शब्द तो दर वेळी वेगळा लिहीत असेल, अक्षरं गाळत असेल, वाचनातही अडत असेल, तर थांबू नका. शाळेत तपासणीला येणाऱ्या आरोग्य पथकाकडून डोळे आणि कान बघून घ्या, गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकांना भेटा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या खास अडचणीचा, समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर पुढे परीक्षेत सवलती मिळतात. तुमच्या वर्णनावरून आत्ता मला तसं वाटत नाही.

प्रश्न : मुलगी दुसरीत आहे. अक्षर फार वाईट. रोज संध्याकाळी एक पान शुद्धलेखन लिहून घेते, तेव्हा ती रडते. क्लास लावू का?
— एक आई, कराड

उत्तर : क्लास नको, आणि ते पानही बंद करा. रडत काढलेलं अक्षर सुधारत नाही, फक्त वहीचा राग येतो. दुरेघी वहीत चार ओळी पुरेत. आकारात एकमेकांना जवळची अक्षरं एकत्र घ्या : ग म भ न, मग व ब क, मग ट ठ ढ द. शब्द पूर्ण झाल्यावरच वरची रेघ ओढायला सांगा, मध्येच ओढल्याने अक्षरं एकमेकांवर चढतात. मोबाइलवर तिला ल आणि श वेगळे दिसत असतील. मराठीसाठी 2009 च्या शासननिर्णयात पाकळीचा ल आणि देठाचा श ठरवले आहेत, वहीत तेच काढून द्या. चार ओळी झाल्या की त्यातलं सगळ्यात चांगलं अक्षर तिचं तिलाच शोधू द्या आणि त्याभोवती गोल करू द्या. तुम्ही पेन्सिल हातात घेऊ नका. तिचे पाय जमिनीला टेकतात का, तेही बघा. टेकत नसतील तर खाली पाट ठेवा.