नोटेतल्या चिपचा जोक आता का चालत नाही

भावा,

नोटबंदीच्या वेळचे स्टँडअप कॉमेडीचे सेट परत बघून 'लोक यावर हसत का होते?' असं विचारलंस. त्यातला २००० च्या नोटेतल्या चिपचा जोक घे. नोव्हेंबर २०१६ मध्ये नुसतं 'चिप' म्हटलं की हशा यायचा, कारण नव्या नोटेत माग काढणारी चिप बसवलीय ही अफवा प्रत्येकाच्या व्हॉट्सॲपवर येऊन गेलेली. अर्धा सेटअप, म्हणजे जोकची आधीची बांधणी, लोक घरनंच घेऊन यायचे. मे २०२३ मध्ये ती नोट मागे घ्यायचं जाहीर झालं. आज कॉलेजच्या पोरांना आधी अफवा समजावून सांगावी लागते, आणि तोवर पंचलाइनमधली हवा गेलेली असते.

आता त्याच काळातला दुसरा नमुना. बँकेबाहेर रांग, आत नोटा बदलणाऱ्यांच्या बोटाला शाई लावतायत, आणि दीड तास उभे असलेले अण्णा पुढच्याला विचारतात, "हितं मिळतंय काय?" नोटबंदी काढून रेशन घाल, कोल्हापुरातल्या महाद्वार रोडवरचा सेल घाल, अण्णा तसेच उभे. म्हणून सेट कागदावर उतरव, प्रत्येक नाव, तारीख, बातमी पेनानं खोड आणि उरलेलं मोठ्यानं वाच. माणूस दिसला तर ठेव. नसेल तर ओपन माइकला, म्हणजे कुणीही स्टेजवर येऊन जोक आजमावतं तिथं, खुशाल वापर, रेकॉर्डिंगच्या सेटमध्ये घेऊ नको.

बोलीचंही तसंच. 'नाद खुळा'वर टाळी पडते ती ओळखीची असते. 'मी येतो' म्हणणाऱ्या आपल्याकडच्या बायकांवर नुसतं बोट दाखवणंही आळशीपणाच. प्रसंग बांध: घरच्या फोनवरनं मेसेज येतो, 'पोचलोच, भूक लागलीय', पुण्याची सून सासऱ्यांसाठी तांबडा रस्सा गरम करते, आणि दारात सासू, गुरुवारचा उपास.

काही जोक मात्र आपली चूक नसताना मरतात. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं. त्याआधी तिथल्या खुर्च्यांवर केलेला साधा विनोद आज याच गावात ऐकवणार नाही. असा तुकडा सरळ काप.

आणि निम्मे सेट लिखाणामुळं पडतच नाहीत, आवाजामुळं पडतात. साउंडवाल्याकडनं फक्त मिक्सरची लाइन, म्हणजे स्टेजच्या माइकचा थेट आवाज, घेतली की तुझा आवाज स्वच्छ येतो आणि हशा गायब. घरी बसून ऐकणाऱ्याला वाटतं, कुणी हसलंच नाही. दुसरा माइक स्टेजच्या कडेला, स्पीकरच्या मागे, तोंड प्रेक्षकांकडे करून लाव आणि तो वेगळ्या ट्रॅकवर घे. लेव्हल बोलताना लावू नको, सगळ्यात मोठ्या हशाला लाव. रेकॉर्डिंगच्या मीटरवर आवाजाचं शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेव, नाहीतर नेमका चांगला हशाच फाटतो. एडिट करताना हशा मध्येच कापू नको, त्याच्या शेपटीवरच पुढची ओळ बसलेली असते.

समोरच्याशी गप्पा मारतोस तेव्हा त्याचं उत्तर माइकवर परत म्हण. "काय करता? गुळाचं गुऱ्हाळ?" एवढं पुरे. हॉलमध्ये ते आगाऊ वाटेल, पण रेकॉर्डिंगमध्ये त्याशिवाय तू हवेशी बोलतोयस असं दिसतं.

मूळ फाइल वेव्हमध्ये (WAV, न दाबलेली ऑडिओ फाइल) ठेव. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, दोन ट्रॅक: १० मिनिटांना साधारण १७० एमबी. व्हॉट्सॲपवर फिरून आलेली, दाबली गेलेली प्रत मूळ म्हणून जपू नको. दोन वेगळ्या डिस्कवर टाक, नावात तारीख आणि हॉल लिही, आणि खोडाखोड केलेल्या कागदाचा फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेव.