ब्रिटनमधल्या बाळांची नावं आणि त्यांची स्पेलिंगं हल्ली अशी का असतात?

तुमचे प्रश्न दोन: इंग्लंडमध्ये नावांच्या स्पेलिंगचा एवढा गोंधळ का, आणि तिथे जन्मणाऱ्या मुलीचं नाव 'आर्या' ठेवायचं तर इंग्रजीत सुरुवातीला ए एक की दोन?

मी इथल्या एका प्राथमिक शाळेत टीचिंग असिस्टंट आहे. दर सप्टेंबरला चार-पाच वर्षांची नवी पोरं येतात आणि कोट अडकवायच्या खुंट्यांवर त्यांच्या नावांच्या पट्ट्या मी चिकटवते. त्यामुळे या विषयावर माझी मतं जरा ठाम आहेत.

मला धक्का बसला तो जुन्या नावांचा. आर्थर, आयव्ही, एल्सी, मेबल. आपल्या बालवाडीत सखाराम आणि द्वारका शेजारी शेजारी बसावेत, तसं. पणजोबांची नावं परत आलीत; आजी-आजोबांच्या पिढीतले कीथ आणि लिंडा मात्र वर्गात शोधून सापडत नाहीत. शिवाय लाडाचं नावच थेट दाखल्यावर: आर्ची, आल्फी, टेडी. उद्या बंड्या हायकोर्टाचा न्यायाधीश झाला तर पाटीवर काय लिहायचं, ही चिंता इथे कुणी करत नाही.

आता स्पेलिंग. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्माची नोंद 42 दिवसांत करायची असते, पण मान्य नावांची यादी वगैरे काही नाही. अगदीच अघोरी असेल तर अडवतात: वेल्समधल्या एका आईला मुलीचं नाव 'सायनाइड' ठेवायचं होतं, ते 2016 मध्ये अपील न्यायालयाने ठेवू दिलं नाही. बाकी मोकळं रान. त्यात इंग्रजीत उच्चार एक, अक्षरं भलतीच. नुसत्या 'ली'साठी एल-ई-ई, एल-ई-वाय, एल-ई-आय-जी-एच, काहीही चालतं. आपल्या बाळाचं नाव चारचौघांसारखं नको, पण फार वेगळंही नको, असं वाटणारे आईबाप मग अक्षरांशी खेळतात. एव्हर्लीच्या शेवटी जी-एच, जॅक्सनच्या मधे एक्स.

नीव्ह हे नाव मात्र यात धरू नका. ते एन-आय-ए-एम-एच असं लिहितात, पण ते आयरिश आहे आणि आयरिशच्या नियमाने अगदी बरोबर आहे.

खरी गंमत स्टाफरूममध्ये. जी-एचवालं किंवा लिली-मे, टॉमी-ली असं जोडनाव यादीत दिसलं की एखादी भुवई वर जाते. आईबाप कोणत्या वस्तीतले, काय काम करत असतील, याचा हिशोब मूल दारात यायच्या आत झालेला असतो. आपल्याकडे "आडनाव काय?" विचारून जे काढून घेतात, तेच. मला हे स्पेलिंगपेक्षा जास्त खटकतं. त्या पोरीने काय घोडं मारलंय कुणाचं?

स्पेलिंगमुळे आकडेही हलतात. सरकारी सांख्यिकी कार्यालय प्रत्येक स्पेलिंग वेगळं नाव म्हणून मोजतं. 2023 मध्ये इंग्लंड-वेल्समधल्या मुलांत यू आणि दोन ए असलेलं मुहम्मद पहिल्यांदाच अव्वल आलं, तेव्हा त्याच नावाची आणखी दोन रूपं पहिल्या शंभरात वेगळी उभी होती. मुलींत ऑलिव्हिया 2016 पासून हलायला तयार नाही.

तुमची आर्या इथे छान चालेल. एका गाजलेल्या टीव्ही मालिकेमुळे गोऱ्यांनाही ते नाव ठाऊक आहे. फक्त 'आरिया' म्हणूनही एक नाव इथे फार चालतं, तेव्हा वर्गात दोघी एकदम "येस मिस" म्हणतील. माझं मत विचाराल तर ए एकच ठेवा. दोन ठेवलेत तर दवाखाना, बँक, शाळा, जिथे फोन कराल तिथे आधी "डबल ए" सांगावं लागेल. आत्याने बारशाला कानात सांगायचं नाव दोन्हीकडे तेच राहील.